पावसाळा, क्रिकेटचं किट आणि घरभर सुटलेला वास

मीठभाकर

मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, क्रिकेटच्या क्लासला जातो. ठाण्यात पावसाळ्यातही त्यांच्या नेट्स बंद नसतात. पत्र्याच्या शेडखाली टर्फ अंथरलंय, त्यावर चालतात. वरून पाणी येत नाही, पण आतली हवाही हलत नाही. पोरगं निथळत घरी येतं, किटबॅग पॅसेजमध्ये आपटतं आणि थेट फ्रिजकडे जातं. बॅग उघडते ती पुढच्या नेट्सलाच.

आमचं वन बीएचके, बाल्कनी नाही. आजवर झालेले उपाय असे: नवऱ्याने बॅगेत डिओ मारला, सासूबाईंनी कापराच्या वड्या टाकल्या, मी उदबत्तीची रिकामी पाकिटं कोंबली. आता चेन उघडली की गाभाऱ्यात कुणी आंबलेलं ताक सांडावं तसा वास येतो. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला.

आत पॅड्स, ग्लोव्हजचे दोन जोड, इनर (ग्लोव्हजच्या आत घालायचे पातळ हातमोजे), थाय पॅड, हेल्मेट, जांघेचा गार्ड, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) एवढं आहे. पॅड्स मशिनमध्ये टाकले तर चालतात का? ग्लोव्हज धुवायचे असतात का? आणि सासूबाई आता डांबर गोळ्या टाकू म्हणतायत, टाकू का?

आडवातिडवा

वाचनखूण साठवली. आमच्याकडे हीच परिस्थिती आहे, फक्त खेळाडूचं वय ४६ आणि तो खेळाडू मीच. बायको धागा वाचतेय.

कांगावाला

पावसातल्या किटबद्दल बोलायचा थोडा हक्क आम्हाला आहे. आमची मुंबईच्या क्लबांची कांगा लीग १९४८ पासूनची, आणि ती मुद्दाम पावसाळ्यात खेळवायची म्हणूनच सुरू झाली. उघडी विकेट, आउटफिल्डला पोटरीपर्यंत गवत, आणि आझाद मैदानावरच्या तंबूत दोन्ही टीमची किट्स एकमेकांवर रचलेली. त्यातून क्लबचं किट म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. ओपनर आउट होऊन आला की त्याचेच पॅड्स, गरमागरम, पाचव्या नंबरच्या पायात. मग सगळं ओलं तसंच बॅगेत, आणि बॅग लोकलच्या मालडब्यात. तुमच्या काकूंचा पदर ठीक आहे, आमच्यासाठी मालडब्यातले कोळी लोक सरकून बसायचे.

यातून कळलेली गोष्ट एकच. वासावर उपाय करू नका, ओलाव्यावर करा. खेळ संपल्यापासून पहिल्या तास-दोन तासांत किट बाहेर निघालं तर निम्मी लढाई तिथेच संपते. घरी आल्यावर बॅग पालथी करायची. पॅड्स बकल-वेल्क्रो उघडून, आतली बाजू पंख्याकडे करून भिंतीला तिरके उभे करायचे. सपाट ठेवले तर गुडघ्यामागची गादी ओलीच राहते. ग्लोव्हजचा मनगटाचा पट्टा पूर्ण सोडायचा, तोंड उघडं राहील असे चिमट्याने दोरीला लावायचे, वर पंखा. बोटांच्या टोकाला हवा पोचत नाही, आणि सगळा वास तिथेच बसतो. आम्ही वर्तमानपत्राच्या बारीक सुरळ्या करून एकेका बोटात घालायचो आणि रात्री झोपताना बदलायचो.

इनर हा प्रकार लोक फुकट घालवतात. दहा-वीस ओव्हर बॅटिंग होणार असेल तर दोन-तीन जोड न्यायचे, ड्रिंक्सला बदलायचे. घाम इनरने प्यायला तर ग्लोव्हपर्यंत जात नाही. इनर सुती असतात, रोज कपड्यांबरोबर धुता येतात. ग्लोव्ह तसा धुता येत नाही.

रसायनी

कांगावाल्यांशी सहमत. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे कोणता उपाय कुठे लागू पडतो ते ओळखता येईल.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घामातली अमिनो आम्लं, त्वचेचं तेल, मेलेल्या पेशी खातात आणि त्यातून वासाची द्रव्यं बाहेर टाकतात. पायाला आणि बुटांना येणारा चीजसारखा आंबूस वास बहुतांशी आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. ते ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं. किट बरेच दिवस ओलं राहिलं तर युरियापासून अमोनियाही सुटतो, डोळ्यांना झोंबणारा. आणि तिसरा कुबट वास बुरशीचा, पावसाळ्यातल्या कपाटासारखा.

म्हणून आधी वास घ्या. (कुणाला तरी घ्यावाच लागेल.) आंबूस असेल तर खाण्याचा सोडा चालतो, कारण वास आम्लाचा आहे आणि सोडा अल्कधर्मी. झोंबणारा असेल तर पांढरं व्हिनेगर, चौपट पाण्यात पातळ करून. त्याचा स्वतःचा वास वाळल्यावर उडून जातो. कुबट असेल तर या दोन्हीच्या आधी ब्रश, साबण आणि कोरडी हवा लागेल.

यूट्यूबवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस दाखवतात. फेस झकास दिसतो. पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. वेगवेगळे वापरा.

आणि ब्लीच व्हिनेगरच्या किंवा कुठल्याही ॲसिडच्या जवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. बाथरूम छोटं असतं आपलं. तसंही ब्लीचने लेदर आणि इलॅस्टिक दोन्ही जातं.

मीठभाकर

हे भारी आहे. आमचा वास आंबूस आणि कुबट दोन्ही आहे. जर्सीचं काय? धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली जर्सी घातल्यावर दहाव्या मिनिटाला परत वास मारते असं मुलगा सांगतो. मला वाटलं बहाणा असेल.

रसायनी

बहाणा नाही. पॉलिएस्टर पाणी धरत नाही पण तेल धरतं. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांना टी-शर्ट घालून व्यायामाच्या सायकली हाणायला लावल्या आणि मग ते टी-शर्ट हुंगणाऱ्यांकडे दिले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरचा वास जास्त वाईट ठरला, आणि पॉलिएस्टरवर मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू चांगले माजलेले सापडले. साध्या धुण्यात ते तेल पूर्ण निघत नाही. अंग तापलं, जर्सी पुन्हा ओली झाली की अडकलेला वास परत बाहेर येतो.

करायचं काय: जर्सी उलटी करून कोमट पाण्यात एन्झाइमवाला डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा, मग मशिनला लावा. कम्फर्टसारखं काहीही घालू नका. सॉफ्टनर धाग्यावर थर देतो, आणि त्या थराखाली तेल सुखाने राहतं. पावडर दुप्पट घातल्याने काही होत नाही, उलट ती कापडात उरते.

आडवातिडवा

कम्फर्ट बंद ही बातमी घरात कोण देणार?

वऱ्हाडी_ठेचा

एवढं विज्ञान कायले पायजे? गच्चीवर टाका उन्हात दिवसभर. आमच्या अकोल्यात मे महिन्यात किट एका दुपारी पापडावानी वाळते, वास-बिस काही राहात नाही.

कांगावाला

वाळतं, आणि ग्लोव्हचा तळवाही पापडच होतो. लेदर मऊ असतं ते त्यातल्या तेलामुळे. भिजलेलं लेदर कडक उन्हात घातलं की ते तेल जातं, तळवा कडक होतो, भेगा पडतात आणि बॅटची ग्रिप हातात बसत नाही. पॅड्स, बॅग, इनर, कापडी थाय पॅड यांना ऊन द्या, चांगलंच आहे. ग्लोव्हजना आणि कीपरच्या ग्लोव्हजना सावली आणि वारा. हेल्मेटही तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

बाकी ठाण्यात जुलैत ऊन मागणं म्हणजे, असो.

वऱ्हाडी_ठेचा

हे मात्र खरं. माझ्या किटचे ग्लोव्हज लाकडावानी झालेत, मी कंपनीले शिव्या देत होतो.

रसायनी

पंख्याबद्दल एक जोड. जुलैत मुंबई-ठाण्याच्या हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच राहते. अशा हवेचा पंखा लावून वस्तू वाळते, पण रडतखडत. घरात एसी असेल तर तो ड्राय मोडवर लावून खोलीचं दार बंद करा आणि किट त्या खोलीत रात्रभर पसरा. एसी हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, म्हणून फरक पडतो.

कपाटात ठेवायचे ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे लोक बॅगेत घालतात. घालू नका. त्यात खाली खारट पाणी साठतं, बॅग आडवी झाली की सगळं ग्लोव्हजवर. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण ती सुकलेल्या किटला सुकं ठेवते. ओलं किट वाळवण्याइतकी तिची ताकद नाही.

पेठेतला

कोल्हापुरातून. आमच्याकडं क्रिकेट दुय्यम, पेठांचा जीव फुटबॉलमध्ये. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी आणि प्रॅक्टिस क्लब यांच्या टीम शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अर्धं गाव बंद असतंय.

धाग्यात कुणी गोलकीपर असेल तर त्याच्यासाठी लिहितोय, कारण वरचा सल्ला त्याला उलटा पडतोय. गोलकीपरच्या ग्लोव्हचा तळवा लेटेक्सचा. तो धुवायचाच असतोय. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, हातात घालूनच एकमेकांवर हलकं चोळायचं, माती आणि घाम दोन्ही निघतंय. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. ऊन नाही, हीटर नाही, सावलीत. आणि पुढच्या मॅचला घालायच्या आधी तळवा पुन्हा जरासा ओला करायचा, कारण कोरडं लेटेक्स पकड सोडतंय आणि फाटतंय. दोन तळवे एकमेकांना चिकटवून ठेवू नका, सोडवताना लेटेक्स निघून येतंय.

आणखी एक. आमच्या तालमीतल्या आखाड्याची लाल माती वर्षानुवर्षं तीच असते, शेकडो पैलवान तिच्यात घाम गाळतात, तरी वास मारत नाही. तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालतात आणि रोज खोऱ्यानं उकरून उलटीपालटी करतात. म्हातारी माणसं श्रेय हळदीला देतात. मला वाटतंय खोऱ्याला द्यावं. उकरलेल्या मातीला हवा लागते. मॅटवर कुस्ती सुरू झाल्यापासून गजकर्णाच्या तक्रारी मात्र जास्त ऐकतोय, कारण मॅट पुसायचा कंटाळा.

त्वचा_डॉ

गजकर्णाचा विषय निघालाच आहे तर डॉक्टर म्हणून थोडं लिहिते. वासापेक्षा मला किट वाटून घेण्याची काळजी जास्त वाटते. क्लबचं हेल्मेट, क्लबचा थाय पॅड हे बुरशीचं संक्रमण पसरायचे सोपे रस्ते आहेत. गार्ड, इनर, मोजे, टॉवेल कुणाशीही वाटून घ्यायचे नाहीत, मित्र कितीही जिवाभावाचा असो. हेल्मेट वाटून घ्यावंच लागत असेल तर आत सुती स्कल कॅप.

जांघेत किंवा मांडीवर गोल, खाजणारे चट्टे आले तर मेडिकलमधून मिश्र क्रीम आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. गेली काही वर्षं आपल्याकडच्या त्वचारोग ओपीडी अशाच रुग्णांनी भरल्यात.

मीठभाकर, मुलाच्या तळपायाकडे एकदा बघा. टाचेवर आणि बोटांखाली सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले, पाय पांढरट आणि चिकट असले तर तो जीवाणूंचा संसर्ग असतो. बूट कितीही धुतले तरी तो वास जात नाही, कारण तो पायातूनच येतो. लावायच्या साध्या औषधाने बरा होतो, पण डॉक्टरना दाखवून.

डांबर गोळ्या नकोत. त्या बहुधा नॅफ्थॅलिनच्या असतात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थॅलिनमुळे रक्तपेशी फुटू शकतात, आणि कमतरता आहे हे अनेकदा तोवर कुणाला माहीतही नसतं. डोक्याला लागणाऱ्या वस्तूजवळ तर नकोच. कापूर लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका, खाल्ला तर फिट्स येतात.

रसायनी

आणि नॅफ्थॅलिनची वाफ थर्माकोल खाते. बऱ्याच हेल्मेटच्या आत थर्माकोलच्याच जातीचा फोम असतो. गोळ्या बाद.

मीठभाकर

सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गोळ्या परत डब्यात गेल्या. तळपाय बघितले, खड्डे नाहीत, फक्त मळ आहे.

हेल्मेट कसं धुवायचं? आणि पॅड्स मशिनमध्ये टाकायचे की नाही ते अजून कुणी सांगितलं नाही.

कांगावाला

पॅड्स मशिनमध्ये नाही. आतला फोम पाणी पितो, दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि फिरताना शिलाई जाते. शिवाय बकल ड्रमवर आपटतात. पुढचा पांढरा भाग ओल्या फडक्याने पुसा. आतली, पायाला लागणारी बाजू: बादलीत डिटर्जंटचा फेस करा, फक्त फेस ब्रशवर घेऊन घासा, लगेच ओल्या फडक्याने तीनदा पुसून घ्या, मग पंखा. जुने वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले पॅड्स असतील तर पाणी अजूनच कमी.

हेल्मेटच्या आतले गादीचे तुकडे बहुतेक वेल्क्रोवर असतात. काढा, हाताने धुवा, सावलीत वाळवा. न निघणारे असतील तर साबणाच्या पाण्याने पुसा. कवचाला थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही लावू नका. प्लास्टिक आतून कमजोर होतं, वरून दिसत नाही, आणि ते कळतं ते बॉल लागल्यावर. हनुवटीचा पट्टा सगळ्यात जास्त वास मारतो आणि सगळे तोच विसरतात.

गार्ड प्लास्टिकचा असतो, भांड्याच्या साबणाने रोज धुवा. भांड्यांच्या घासणीने नको, हे वेगळं सांगायला लागू नये.

बर्फातला_बंड्या

टोरंटोजवळून. इथे मुलगी आइस हॉकी खेळते. तुम्हा क्रिकेटवाल्यांना माहीत नाही वास म्हणजे काय. खांद्यापासून नडगीपर्यंत पॅडिंग, वर हेल्मेट, आत घाम, आणि सगळं एका प्रचंड बॅगेत. गाडीत बॅग असली की उणे तापमानातही काचा खाली करतो आम्ही.

इथे बहुतेक घरांच्या बेसमेंटमध्ये किट टांगायचा स्टँड असतो. झाडासारखा, प्रत्येक फांदीवर एकेक वस्तू, काहींना खालून पंखा. थंडीत घरातली हवा हीटरमुळे इतकी कोरडी असते की सकाळपर्यंत सगळं खडखडीत. ते सुख तुमच्याकडे नाही. पण स्टँडची कल्पना घ्या, पीव्हीसीचे पाइप आणि एल्बो आणून कुठलाही प्लंबर जोडून देईल, जागा एका कोपऱ्याची लागते.

काही दुकानं इथे ओझोनच्या कपाटात किट ठेवून वास काढून देतात. वास जातो खरा. पण घरगुती ओझोन मशीन घ्यायच्या फंदात पडू नका. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, आणि रबर, इलॅस्टिक तडकवतो. शिवाय दुसऱ्या आठवड्यात मुलगी बॅग गाडीत विसरली की गाडं मूळपदावर.

डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्लाही इथे सर्रास देतात. जीवाणू त्याने झोपतात, मरत नाहीत.

आडवातिडवा

आमच्या फ्रीझरमध्ये मटार आहेत. पुढचा उपाय.

बुटांबद्दल मी सांगू शकतो. सोल आतून सुटा निघतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. काढा, तो वेगळा धुवा, वेगळा वाळवा. नाडी पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढा. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी नवे. सोडा घालायचा तो बूट सुकल्यावर, जुन्या मोज्यात भरून गाठ मारून. ओल्या बुटात सुटा सोडा टाकला तर लगदा होतो आणि शिलाईत बसतो. आणि लागोपाठ दोन दिवस खेळ असेल तर जोड आलटून पालटून.

मीठभाकर

सगळ्यांना धन्यवाद, अंमलबजावणीचा अहवाल देते. प्लंबरऐवजी भावाने पाइप जोडून स्टँड केला, बेडरूमच्या दारामागे बसतो. रात्री एसी ड्राय मोडवर. इनर रोज धुतले जातात, कम्फर्ट बंद. पॅड्स, हेल्मेट, थाय पॅड सुधारले. जर्सीही. पॅसेजमधून आता माणसासारखं जाता येतं.

एक ग्लोव्हजचा जोड मात्र काही केल्या ऐकत नाही. सोडा झाला, व्हिनेगर झालं, आठवडाभर पंख्याखाली होता. घातला की दहा मिनिटांत तेच. आणि बॅग रिकामी असतानाही वास मारते.

रसायनी

तो जोड गेला. बोटांमधल्या फोमच्या आत बुरशी शिरली की तिथपर्यंत ना साबण पोचतो ना हवा. काळे ठिपके दिसत असतील तर वादच नाही. दुसऱ्या जोडाला लागून ठेवू नका.

कांगावाला

टाकायच्या आधी नेट्समध्ये थ्रो-डाउनला (जवळून हाताने टाकलेल्या बॉलवरच्या सरावाला) वापरू दे, पण रोज इनर घालून, आणि बॅगेत परत नाही.

बॅगेचं कारण बहुधा तळात आहे. तळाशी कापडाखाली पुठ्ठ्याची किंवा फायबरची पट्टी असते, चेन किंवा वेल्क्रो उघडून निघते. पुठ्ठा असेल तर तो कुजला असणार. फेकून द्या आणि त्या मापाची प्लास्टिकची शीट कापून घाला. बॅग उलटी करून कपड्याच्या ब्रशने साबण लावून धुवा, चाकांच्या खोबणीतली माती काढा. वाळल्यावर घरात असताना चेन कायम उघडी. आणि स्पाइक्स बाकीच्या किटबरोबर नकोत. बुटाला लागून आलेली माती आणि गवत ग्लोव्हजवर जातं, अर्धी बुरशी तिथूनच येते. त्यांना वेगळी कापडी पिशवी करा.

आडवातिडवा

वेगळी पिशवी म्हणजे धुवायला अजून एक नग वाढला.

मीठभाकर

पुठ्ठाच निघाला, हिरवा झालेला. फोटो टाकत नाही, जेवायची वेळ आहे.

पिशवीला जुनं उशीचं कव्हर घेतलंय. जर्सीबरोबर मशिनमध्ये जाईल. नाडी मुलाने ओवायची आहे आणि मशिनमध्येही त्यानेच टाकायचं आहे, असं ठरलंय.